हेल्मेट डोक्यावर, पट्टा वाऱ्यावर

सकाळी साडेनऊच्या सुमारास सांगलीत कॉलेज कॉर्नरला पाच मिनिटे उभे राहा आणि माधवनगरकडून येणाऱ्या दुचाकी बघा. डोक्याकडे नको, हनुवटीखाली बघा. ज्यांनी हेल्मेट घातले आहे, त्यांच्यातल्या कितीजणांचा पट्टा बांधलेला आहे ते मोजा. कुणाचा पट्टा कानामागे फडफडत असतो. कुणी तो गालाच्या गादीत कोंबलेला असतो. कुणाचे बक्कल केव्हाच तुटलेले असते आणि पट्ट्याच्या दोन टोकांची सुटेल अशी गाठ मारलेली असते. काहींनी हेल्मेट कोपरात अडकवलेले असते, पण त्यांच्याबद्दल आज बोलायचे नाही. त्यांना निदान आपण हेल्मेट घातलेले नाही हे ठाऊक असते.

पट्टा न बांधणाऱ्याची अडचण वेगळी आहे. त्याने पैसे खर्च केलेले असतात, डोक्यावर सव्वा किलोचे ओझे घेतलेले असते, उन्हाळ्यात घामाघूम होऊन ते सोसलेले असते, आणि तरीही ऐन वेळी ते डोक्यावर राहील याची खात्री नसते. खर्च सगळा केला आणि शेवटचा रुपया वाचवला, असा हा व्यवहार आहे.

कायद्याने या बाबतीत फार स्पष्ट भूमिका घेतली आहे, हे बहुतेकांना माहीत नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये हेल्मेट कशाला म्हणायचे याची व्याख्या आहे आणि त्या व्याख्येला दोन भाग आहेत. पहिला, त्याचा आकार आणि बनावट अपघातात डोक्याचे रक्षण करील अशी हवी. दुसरा, ते पट्ट्याने किंवा त्यावर दिलेल्या दुसऱ्या बंधनाने डोक्याला घट्ट बांधलेले हवे. म्हणजे पट्टा सुटा ठेवला तर कायद्याच्या भाषेत तुम्ही हेल्मेट घातलेलेच नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ड खाली एक हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी परवाना रद्द होण्याची तरतूद आहे, ती अशा चालकालाही लागू होऊ शकते. प्रत्यक्षात चौकातल्या पोलिसाला लांबून हेल्मेट दिसते, पट्टा दिसत नाही. त्यामुळे पावती फाटायची ती बिनहेल्मेटवाल्याची, आणि आपण मनात म्हणतो, सुटलो.

आपल्याकडे हेल्मेटवरचा सगळा वाद सक्तीभोवती फिरत राहिला. पुण्यात सक्तीविरोधात आंदोलने झाली. २०१६ मध्ये तत्कालीन परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही, अशी घोषणा केली आणि पुढे ती मागे पडली. घालायचे की नाही यावर इतकी शाई खर्च झाली की घातल्यावर बांधायचे कसे, यासाठी शाई उरलीच नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ दुचाकीस्वारांचा आणि त्यांच्या मागे बसलेल्यांचा मृत्यू झाला. पट्टा न बांधल्याने हेल्मेट उडून गेलेले या आकड्यात कुठे धरायचे, हा प्रश्न पंचनामा लिहिणाऱ्यालाही पडत असेल. रस्त्यावर पंधरा फुटांवर पडलेले अखंड हेल्मेट बघून ते घातले होते की टाकीवर ठेवले होते हे कसे ओळखायचे?

डोके किती वेगाने आपटते

गाडीचा वेग कमी असेल तर धोका कमी, असे आपण धरून चालतो. माधवनगर ते सांगली चार-पाच किलोमीटर, रस्त्यावर गर्दी, गाडी तिसाच्या वर जात नाही, मग पट्टा कशाला? इथे थोडे गणित करून बघू. गाडीवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असते. गाडी जागेवर उभी असताना माणूस आडवा पडला आणि डोके आधी टेकले, तर ते जमिनीला लागताना ताशी जवळजवळ २० किलोमीटर वेगाने लागते. हा वेग गाडीने दिलेला नाही, गुरुत्वाकर्षणाने दिलेला आहे. गाडी किती सावकाश चालवता याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

हा वेग शून्यावर यायला किती जागा मिळते, यावर मेंदूचे भवितव्य ठरते. उघडी कवटी डांबरावर आपटली तर थांबायला जेमतेम काही मिलिमीटर मिळतात. पाच मिलिमीटर धरले तर डोक्याला बसणारा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या तीनशेपट येतो. हेल्मेटच्या आत जो पांढरा थर्माकोलसारखा जाड थर असतो, तो चेपला जाऊन डोक्याला अडीच सेंटिमीटर जागा देतो असे धरा. हिसका साठपटींवर उतरतो. हेल्मेटचे सगळे शास्त्र या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये आहे. बाहेरचे कवच, रंग, काच, वारा खेळायची भोके, हे सगळे नंतर.

हा थर ऐन वेळी डोके आणि रस्ता यांच्या मध्ये असायला हवा. तो तिथे धरून ठेवण्याचे काम पट्टा करतो.

अपघातात डोके आपटणे ही बहुतेकदा पहिली घटना नसते. आधी गाडी आदळते, मग खांदा समोरच्या बॉनेटला किंवा दुभाजकाला लागतो, अंगाला झटका बसून शरीर गरकन फिरते. एसटीने अचानक ब्रेक मारला की उभा प्रवासी पुढे फेकला जातो, तसे या झटक्यात सुटे हेल्मेट आपल्या मूळ दिशेने पुढे जात राहते आणि डोके मागे राहते. मग माणूस रस्त्यावर येतो तेव्हा डोके उघडे असते. तैवानमध्ये जखमी दुचाकीस्वारांवर झालेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. हेल्मेट घट्ट बांधलेल्यांच्या तुलनेत सैल बांधलेल्यांना डोक्याला इजा होण्याचा धोका जवळपास दुप्पट आढळला, मेंदूच्या इजेचाही तसाच. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ मध्ये कॉक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केला होता. त्यानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. पट्टा सुटा ठेवणारा माणूस या टक्क्यांपैकी किती टक्के घरी घेऊन जातो, हे त्या दिवशीच्या नशिबावर.

माणूस पट्टा का बांधत नाही

आळस, असे उत्तर देऊन मोकळे होता येते. मला ते पटत नाही. लांबच्या प्रवासाला निघालेला माणूस पट्टा बांधताना दिसतो. तोच माणूस गावातल्या गावात बांधत नाही. फरक स्वभावात नाही, दिवसात किती वेळा बांधावा लागतो यात आहे.

माधवनगरच्या पेठेत दुकान असलेल्या माणसाचा एक दिवस डोळ्यांपुढे आणा. मुलाला शाळेत सोडणे, दुकान उघडणे, बँक, सांगलीच्या मार्केट यार्डात एक फेरी, जेवायला घरी, परत दुकान, संध्याकाळी कुपवाडला कुणाला भेटणे, येताना भाजी. आठ-नऊ थांबे झाले. प्रत्येक थांब्याला हेल्मेट काढायचे आणि निघताना घालायचे. प्रत्येक वेळी एका हातात किल्ली, दुसऱ्यात पिशवी, खिशात वाजणारा फोन. पट्टा तर हनुवटीखाली, म्हणजे स्वतःला कधीच न दिसणाऱ्या जागी. दोन्ही हात रिकामे करून, मान वर करून, चाचपडत बांधायचे बक्कल असेल, तर तिसऱ्या थांब्यापासून माणूस ते सोडून देतो. यात नवल काही नाही. शर्टाची शेवटची गुंडी लावायला आरसा लागला असता तर ती किती जणांनी लावली असती?

म्हणून बक्कल कोणत्या जातीचे आहे हा प्रश्न सोयीचा वाटला तरी तो सुरक्षेचाच आहे. हेल्मेट घेताना आपण रंग बघतो, काच काळी की पांढरी ते बघतो, किमतीत घासाघीस करतो. पट्टा लावून बघणारे गिऱ्हाईक क्वचित दिसते.

दोन कड्या, दातेरी पट्टी आणि टक्क क्लिप

बाजारात मुख्यतः तीन जातींची बक्कले मिळतात.

सर्वांत जुनी आणि साधी रचना दोन कड्यांची. इंग्रजी डी अक्षराच्या आकाराच्या दोन धातूच्या कड्या एका बाजूला शिवलेल्या असतात. दुसऱ्या बाजूचा पट्टा दोन्ही कड्यांतून आत घालायचा, वळवून दोन कड्यांच्या मधून परत काढायचा आणि ओढायचा. पट्ट्याला जितका ताण बसेल तितक्या कड्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि पट्टा अधिक घट्ट धरला जातो. हलणारा भाग नाही, स्प्रिंग नाही, प्लास्टिक नाही, त्यामुळे बिघडण्यासारखे काही नाही. शिवाय दर वेळी त्या क्षणी हवा तितकाच घट्ट बसतो. हिवाळ्यात मफलर असला तर थोडा लांब, उन्हाळ्यात आखूड. मोटरसायकल शर्यतींची जागतिक संघटना एफआयएम आपल्या मान्यतेच्या सर्किट शर्यतींच्या हेल्मेटना हेच बंधन मागते, ते याच कारणाने. पण शर्यतीतला खेळाडू दिवसातून दोनदा पट्टा बांधतो आणि तोही सावकाश. पेठेतल्या माणसाचे तसे नाही. ज्यांच्या अंगठ्याच्या सांध्यात संधिवात आहे, बोटांना मुंग्या येतात किंवा हात थरथरतो, त्यांच्यासाठी तर ही रचना जवळपास निरुपयोगी आहे. आणखी एक धोका आहे. घाईत पट्टा दोन्ही कड्यांतून घालतात आणि परत मधून काढायचे विसरतात. ओढल्यावर तो बसल्यासारखा वाटतो, पण एका झटक्यात सरकून निघतो.

दुसरी जात दातेरी पट्टीची. पट्ट्याच्या टोकाला प्लास्टिकची दाते असलेली पट्टी असते, ती बक्कलात सरकवली की कट-कट आवाज करत एकेक दाता पुढे जाते. सोडायला लाल फीत किंवा छोटी खिट्टी ओढायची. एका हाताने लावता येते, आवाजामुळे न बघताही कळते, आणि दर वेळी एक-दोन दाते पुढेमागे करता येतात. आज मफलर आहे, उद्या नाही, अशा माणसाला ही फार सोयीची. चूक होते ती एकच, पण फार जण करतात. पहिला कट ऐकू आला की थांबतात. एका दात्यावर टिकून राहिलेली पट्टी म्हणजे बांधलेला पट्टा नव्हे. पट्ट्याची मूळ लांबी अशी जुळवून घ्यावी की निदान चार-पाच दाते आत गेल्यावर तो बेताचा घट्ट व्हावा. ही जुळवणी एकदाच करायची असते, बक्कलाच्या दुसऱ्या बाजूला पट्टा जिथे दुमडलेला असतो तिथे. दुकानदार ती करून देत नाही आणि आपण मागत नाही.

तिसरी जात गाडीच्या सीटबेल्टसारखी किंवा शाळेच्या दप्तराच्या क्लिपसारखी. टक्क दाबले की लागते, लाल बटण दाबले की सुटते. सगळ्यांत झटपट हीच, म्हणून स्वस्त हेल्मेटांत हीच जास्त दिसते. हिचा दोष क्लिपमध्ये कमी आणि पट्ट्याच्या लांबीत जास्त. एकदा ठरवलेली लांबी कायम, आणि ती ठरवणारी प्लास्टिकची सरकती कडी रोजच्या ओढाताणीने हळूहळू सैल होत जाते. सहा महिन्यांनी पट्टा दोन बोटे लांब झालेला असतो आणि आपल्याला पत्ता नसतो, कारण टक्क आवाज तर रोजच्यासारखा येतो. प्लास्टिकच्या क्लिपचा एखादा काटा उन्हाने कडक होऊन मोडला, तरी उरलेल्या काट्यावर ती लागते. अशी अर्धी क्लिप लावून फिरणारे रोज दिसतात.

यातली कोणती चांगली? तिन्ही जातींना मानकाची तीच परीक्षा द्यावी लागते. युरोपच्या ईसीई २२ या नियमात पट्ट्याला लटकवलेल्या भारावर १० किलोचे वजन पाऊण मीटर उंचीवरून सोडतात, आणि त्या झटक्यात पट्टा ३५ मिलिमीटरपेक्षा जास्त ताणला गेला तर हेल्मेट नापास. दुसऱ्या चाचणीत तेवढेच वजन अर्ध्या मीटरवरून सोडून हेल्मेट मागून पुढे उलटवायचा प्रयत्न करतात. ते ३० अंशांपेक्षा जास्त फिरता कामा नये. आपल्याकडच्या आयएस ४१५१ या मानकातही पट्टा आणि त्याच्या बंधनाची ताकद तपासली जाते. त्यामुळे खऱ्याखुऱ्या मानकाचे हेल्मेट असेल तर बक्कलाची जात ताकदीवर निवडायची गरज नाही, आपल्या दिवसावर निवडावी. गावातल्या गावात दहा वेळा उतरणाऱ्याला मी दातेरी पट्टीच सांगेन. आठवड्यातून एकदा कोल्हापूर किंवा कऱ्हाड गाठणाऱ्याला दोन कड्या चालतील. क्लिपवाले घेतलेच असेल तर फेकू नका, फक्त महिन्यातून एकदा लांबी तपासा.

टोपी, ओढणी आणि अंबाडा

घट्ट म्हणजे किती घट्ट, याचे मोजमाप सोपे आहे. पट्टा हनुवटीच्या टोकावर नको, जबड्याखाली, गळ्याला लागून हवा. हनुवटीवर बसलेला पट्टा झटक्यात पुढे घसरतो आणि हेल्मेट त्याच्याबरोबर जाते. ईसीईच्या नियमात हनुवटीला वाटीसारखे बसणारे पट्टे चालतच नाहीत. पट्टा बांधल्यावर त्याखाली जेमतेम दोन बोटे जावीत. तोंड मोठे उघडले तर हेल्मेट वरून डोक्यावर किंचित दाबले गेल्यासारखे वाटावे. मग दोन्ही हात मानेमागे नेऊन हेल्मेटची मागची कड धरा आणि वर-पुढे लोटा. हेल्मेट डोळ्यांवर येऊन निघू लागले, तर पट्टा सैल आहे किंवा हेल्मेटच मोठे आहे. ही परीक्षा घरात बसून पाच सेकंदांत होते. बुधगाव, कवलापूरकडून येणाऱ्या एखाद्या आजोबांना ती करायला सांगितली तर हेल्मेट बहुधा हातात येईल, कारण आत गांधी टोपी असते आणि तिच्यावर घामासाठी टॉवेल. टोपीने हेल्मेट एक बोट वर उचलले जाते, पट्टा आखूड पडतो, म्हणून तो सुटाच ठेवला जातो. टोपी खिशात घालायला सांगणे अवघड आहे, हे मान्य. निदान टॉवेलऐवजी सुताचे पातळ फडके घेता येईल.

मुलींचा प्रश्न वेगळा. उन्हापासून आणि धुळीपासून वाचायला तोंडाला ओढणी किंवा स्कार्फ गुंडाळायचा आणि वर हेल्मेट. ओढणीची गाठ नेमकी हनुवटीखाली येते, पट्टा त्या गाठीवरून जातो. गाठ झटक्यात चेपली जाते आणि तेवढा पट्टा सैल होतो. गाठ मानेच्या मागे घेतली, हेल्मेटच्या कडेखाली, तर हा प्रश्न मिटतो. उंच अंबाड्याचेही तसेच. तो हेल्मेटला मागून उचलून धरतो. केस खाली मानेवर बांधलेले बरे.

गळा आवळल्यासारखे होते, ही तक्रार खोटी नाही. स्वरयंत्राच्या वरची जागा नाजूक असते आणि तिथे कडक कड टोचली की माणसाला घुसमटल्यासारखे वाटते. पण बऱ्याचदा त्रास पट्टा घट्ट असल्याचा नसतो. पट्ट्याभोवतीची मऊ गादी झिजलेली असते, किंवा सरकून बक्कल थेट कातडीला लागत असते. बक्कल घशाच्या मध्यावर न येता जबड्याच्या एका बाजूला यावे, इतकी लांबी जुळवली तर निम्मी तक्रार जाते. दाढी असलेल्यांचे केस दातेरी पट्टीत अडकतात. त्यांनी बक्कलामागची कापडी पट्टी शाबूत आहे ना ते बघावे.

एप्रिल-मे मध्ये सांगलीच्या उन्हात हेल्मेटच्या आत काय होते ते सांगायला नको. घामातले मीठ पट्ट्यात मुरते, तो कडक होतो, कातडीला घासतो, पुरळ येते. ओलसर राहिला तर बुरशीची खाज. बक्कलाच्या धातूत निकेल असेल तर काहींना तेवढ्याच जागी लालसर चट्टा उठतो. आठवड्यातून एकदा कोमट पाणी आणि साधा साबण लावून पट्टा धुवावा, सावलीत वाळवावा. पेट्रोल, थिनर किंवा रॉकेलने पुसू नका. डाग जातो, पण आतला पांढरा थर त्याने विरघळतो. पट्ट्याचे धागे कडेने सुटू लागले, शिवण उसवली, तर चांभाराकडून शिवून घेण्यापेक्षा हेल्मेट बदला. शिवलेल्या पट्ट्याची १० किलोवाली परीक्षा कुणी घेतलेली नसते.

विकत घेताना

१ जून २०२१ पासून देशात आयएसआय चिन्ह नसलेले दुचाकीचे हेल्मेट बनवायला, विकायला बंदी आहे. तरी रस्त्याकडेला दोनशे रुपयांची टोपली मिळते, कधी तिच्यावर आयएसआयचे स्टिकरही असते. चिन्हाखाली परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर या मोबाइल अॅपवर तो टाकला की परवाना खरा आहे का ते दिसते. पण त्याआधी एक साधी परीक्षा घ्या. हेल्मेट डोक्यावर घालून, डोळे मिटून, एका हातात पिशवी धरून पट्टा दहा वेळा लावा आणि सोडा. आठव्या वेळी चिडचिड झाली तर ते हेल्मेट तुमचे नाही, मग ते कितीही भारी असो. दुकानदार हसेल. हसू दे.

मुलांसाठी तर बक्कल आधी बघावे. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे आहेच. फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठीही हेल्मेट आणि चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा लागतो, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. मोठ्यांचे हेल्मेट लेकराला घातले तर पट्टा छातीवर लोंबतो. बक्कलात एकदा जरी गळ्याची कातडी चिमटली गेली, तर मूल पुढे कित्येक महिने पट्टा लावू देत नाही. लावताना आपले एक बोट बक्कल आणि गळा यांच्या मध्ये ठेवायचे.

कुणाचा अपघात झाला तर

पट्टा लावता येणे जितके महत्त्वाचे, तितकेच दुसऱ्याचा पट्टा सोडता येणे. अपघात झाला की भोवती गर्दी जमते, कुणी पाणी पाजू लागते आणि कुणी आधी हेल्मेट ओढून काढते. मानेच्या मणक्याला मार असेल तर त्या एका ओढीने मज्जारज्जूला कायमची इजा होऊ शकते. जखमी श्वास घेत असेल, बोलत असेल, तर हेल्मेटला हात लावू नका. काच वर करा, १०८ ला फोन करा, डोके आणि मान हलू देऊ नका.

श्वास अडला असेल, तोंडात रक्त किंवा उलटी साचली असेल आणि काचेच्या फटीतून काही करता येत नसेल, तरच हेल्मेट काढायचे, तेही दोघांनी. एकाने खालच्या बाजूने मान आणि जबडा स्थिर धरायचा, दुसऱ्याने पट्टा सोडून हेल्मेट सरळ रेषेत हळूहळू सरकवायचे. बक्कल कोणत्या जातीचे आहे हे शोधत बसू नका, लाल रंग शोधा. ईसीईच्या नियमानुसार कड्यांच्या पट्ट्याला ओढायची लाल फीत असते. दातेरी पट्टीची फीत आणि क्लिपचे बटणही बहुतेक लालच असते. फीत असेल तर ओढा, बटण असेल तर दाबा. रक्ताने बोटे घसरत असतील किंवा प्लास्टिक अडकले असेल, तर कात्रीने पट्टा कापा. एकदा आपटलेले हेल्मेट तसेही पुन्हा वापरायचे नसते, पट्टा वाचवून उपयोग नाही.

मदत केली म्हणून पोलिसांचे लचांड मागे लागेल, ही भीती जुनी आहे. कायद्याच्या कलम १३४अ ने प्रामाणिकपणे मदत करणाऱ्याला त्यातून संरक्षण दिले आहे, आपले नाव सांगण्याचीही सक्ती नाही. आणि काढलेले हेल्मेट रस्त्याच्या कडेला टाकून देऊ नका. जखमीबरोबर रुग्णवाहिकेत ठेवा. सांगलीच्या सिव्हिलमध्ये न्या की मिरजेला, कवच कुठे फुटले आहे आणि आतला थर कुठे चेपला आहे हे बघून तिथल्या डॉक्टरला मार कुठून आणि किती जोराचा बसला याचा अंदाज येतो.